अव्वा आणि आई

उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या, की मला घरात बसवत नाही. सकाळी चहा ठेवते आणि तो उकळून निम्मा होईपर्यंत खिडकीशी उभी राहते. वाऱ्यावर गुळाच्या काहिलीचा वास येतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, "काय झकास वास सुटलाय की!" मी मान हलवते. त्या वासानं मला काय आठवतं, हे त्यांना कुठं सांगत बसू?

आमच्याकडं उसाचा हंगाम आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांचा हंगाम बरोबरच येतो. ऊस गेलेल्या रानात मांडवाला जागा होते, पावसाची भीती नसते, शाळेच्या पोरी ग्रंथदिंडीत लेझीम खेळायला मोकळ्या मिळतात. संक्रांतीच्या मागंपुढं एकही रविवार रिकामा जात नाही. निमंत्रणपत्रिका येतात, मी त्या टेबलावर उलट्या घालून ठेवते आणि एसटी पकडते. शिरोळ, गडहिंग्लज, आजरा, कुठंही. गावातलं वाचनालय शोधते, कपाटातली पुस्तकं एकेक करून बघते. लोकांना वाटतं, बाईंना वाचनाची काय आवड! मी एकच पुस्तक हुडकत असते. सापडलं, तर तिथंच बाकावर बसून त्यात खाडाखोड करते. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिते म्हणून एकदा मला दरवाजा दाखवलेला आहे. त्या ग्रंथपालांचं बरोबरच होतं.

पुस्तक गौराक्काचं. त्यातली चूक माझी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. मालकांना सगळेच अण्णा म्हणत. आतल्या खोलीत अजून खिळे जुळवून लग्नपत्रिका निघत आणि बाहेरच्या खोलीत काचेचं दार लावून नवा कॉम्प्युटर बसवलेला. दिवाळी झाली, की लेखकांची रीघ लागायची, कारण प्रत्येकाला पुस्तक संमेलनात निघायला हवं असायचं.

चंदगडहून एक हेडमास्तर यायचे. तिकडचा पाऊस असा, की कागद हिवाळ्यातही सादळलेला. खताच्या प्लास्टिक पिशवीत, तिच्यावर पोत्यात, अशी त्यांची वही यायची. पहाटेची गाडी पकडून अकराला छापखान्यात पोचायचे आणि पाणीसुद्धा न पिता आधी वही उलगडून चाचपायचे. जयसिंगपूरचे एक तंबाखूचे व्यापारी कविता करायचे. बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलेल्या. त्या ते आतल्या खोलीत खिळे जुळवणाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. जुळवणाऱ्याचा हात थांबला, तर कविता ठेवायचे. नाही थांबला, तर तिथल्या तिथं फाडून टाकायचे. मी बघत राहायचे. या माणसांना कुणी लिहा म्हणून सांगितलं नव्हतं, न लिहिल्यानं कुणाचं अडणारही नव्हतं, तरी सगळ्यांच्या अंगात एक तगमग असायची. आपलं म्हणणं कागदावर यायच्या आत आपणच उठून जाऊ, अशी काहीतरी.

अशाच एका दुपारी गौराक्का आली. जयसिंगपूरजवळच्या एका गावात त्या वर्षी संमेलन होतं, त्या समितीचे प्राध्यापक तिला घेऊन आले होते. पंचेचाळिशीची बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हिरवं लुगडं, दोन्ही हातांच्या बोटांवर सुताचे कापे. कबनूरला यंत्रमागाच्या शेडमध्ये ती कांड्या भरायची. धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या. समितीनं तिचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं.

"पावणं, बसा की," अण्णा म्हणाले.

"बसायला न्हाय आलो. वही द्यायला आलो."

आमच्या भागातल्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलतो. माझी आई असंच बोलायची, मीही तशीच बोलायचे. एम.ए.साठी पुण्याला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात म्हणून गेले, "सर, मी सांगतो." सगळा वर्ग फुटला. पुढं वर्षभर पोरी मला 'अहो सांगतो' म्हणून हाक मारत होत्या. मी खोलीत आरशासमोर बसून 'मी जाते, मी येते' घोकलं. हाय, न्हाय, व्हय जिभेवरून खरवडून काढलं. कोल्हापूरला परत आले ती शुद्ध होऊन, आणि त्या शुद्धपणावरच मला ही नोकरी लागली.

मी गौराक्काला विचारलं, "तुम्ही लिहिता कधी?"

"लाइट गेल्यावर."

मला कळलं नाही. ती हसली. "माग चालू असला, की कानाशी तोंड लावून बोललं तरी ऐकू येत न्हाय. मग मी कांड्या भरत मोठ्यानं बोलतो. मनात येईल ते. कोण ऐकतंय? लाइट गेली, की समदं गप्प. मग वही काढायची आणि बोललेलं उतरवायचं."

"आणि लाइट नाही गेली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत बोलायचं. तवर पाठ होतंय."

आणलेली वही पहिल्या भागाची होती. दुसरी अजून पुरी व्हायची होती. पहिल्या वहीत तिचं लहानपण होतं. सीमेजवळचं गाव, बापाचं किराणा दुकान, घरात कानडी आणि गल्लीत मराठी. मधोमध तिची अव्वा, म्हणजे आई. अव्वा धान्य निवडताना कानडीत गुणगुणायची, दुकानातल्या खारकांतली एक लेकीच्या मुठीत कोंबायची. आणि पहिल्या वहीच्या शेवटी ती धाकट्या पोराला काखेत मारून माहेरी निघून गेली, ती परत आलीच नाही. गौराक्का सहा वर्षांची होती. वाचून मी बराच वेळ काचेच्या दाराबाहेर बघत बसले होते, हे मला आठवतं. तरी नंतर जे केलं ते केलंच.

प्राध्यापक म्हणाले होते, "अनुभव अस्सल आहे. भाषा तेवढी तुम्ही सुधारून घ्या. चार लोकांत पुस्तक जायचंय." मला ती कामगिरी वाटली. पुण्यात आपल्याला हसले तसं या बाईला कुणी हसू नये, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, मनापासून वाटलं. मी 'मी गेलतो'चं 'मी गेले होते' केलं. 'हाय'चं 'आहे' केलं. आणि अव्वा? वाचकाला अडखळायला होईल. मी कॉम्प्युटरशी बसले. एक शब्द शोधून त्या जागी दुसरा घालायची सोय त्यात होती, तिची मला भारी गंमत वाटायची. अव्वा जिथं असेल तिथं आई. एक बटण दाबलं. क्षणात झालं.

दुसरी वही उशिरा आली. संमेलनाला दहा दिवस उरले होते. मजकूर घातला आणि तेच बटण पुन्हा दाबलं. प्रुफं तपासली ती ऱ्हस्व-दीर्घ बघत. मी शब्द वाचले, गोष्ट वाचली नाही. अण्णा म्हणाले, "एकदा त्या बाईंना दाखवून आण." प्राध्यापक म्हणाले, "वेळ कुठाय? आणि त्या काय बघणार?" मी तिथंच उभी होते. कबनूर काही लांब नव्हतं. मी प्रुफं छपाईला दिली.

संमेलनाच्या दिवशी ऊन कोवळं होतं. ऊस तोडलेल्या रानात बुडख्यांवर सतरंज्या टाकलेल्या, त्या पायांना टोचत होत्या. लेझीम झाली, स्वागतं झाली, पुस्तकाला बांधलेली लाल फीत सुटली. गौराक्काला वाचायला बोलावलं. पुढच्या रांगेत तिनं एका म्हाताऱ्या बाईला हात धरून आणून बसवलं होतं. डोक्यावरून पदर, पायात रबरी चप्पल, एका कानावर हात धरून ऐकणारी. मला वाटलं, सासू असेल.

गौराक्कानं पुस्तक उघडलं. छापलेलं असं ती पहिल्यांदाच वाचत होती. अडखळत, पण खणखणीत आवाजात तिनं सुरुवात केली. "त्या दिवशी आई मला टाकून गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही."

ती थांबली. परत तेच वाक्य वाचलं, हळू. पान उलटलं, पुढचं मनात वाचलं.  तेवढ्यात पुढच्या रांगेतली म्हातारी मोठ्यानं म्हणाली, कानानं कमी ऐकणारी माणसं बोलतात तशी, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी:

"मी कवा गेलतो गं तुला टाकून?"

काही लोक हसले. गौराक्का हसली नाही. तिनं पुस्तक मिटलं, टेबलावर पालथं घातलं आणि माइक तसाच सोडून खाली उतरली. म्हातारीपुढं उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही गुडघे धरून काहीतरी सांगत राहिली. सूत्रसंचालकांनी घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं.

ती म्हातारी म्हणजे आई. दुसऱ्या वहीतली. कबनूरातल्या शेजारची विधवा मराठा बाई, सगळी गल्लीच तिला आई म्हणायची. अव्वा गेल्यावर बापाचं दुकान बसलं, बाप पोरीला घेऊन कबनूरला आला. तिथं या बाईनं पोरीला जेवू घातलं, कांडी भरायला शिकवली. स्वतःला अक्षर येत नव्हतं, तरी सुताला खळ लावायच्या सायझिंगमधल्या साहेबाकडून जुने पेपर आणून ती पोरीपुढं टाकायची, "वाच, मला ऐकू दे." अव्वा म्हणजे सोडून गेलेली, आई म्हणजे राहिलेली. सगळं पुस्तक या दोघींच्या मध्ये उभं होतं. मी एका बटणानं दोघींची एक बाई केली होती. जी राहिली होती, तिच्याच माथी टाकून गेल्याचं मारलं होतं.

जेवणाच्या पंगतीतून मी उठले. मांडवामागं नळावर गौराक्का म्हातारीचे हात धूत होती. मी जवळ गेले.

"ते मी केलं," म्हटलं. "अव्वाची आई मी केली."

ती वळली. रागानं बघेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडं नीट बघत होती, एखादा धागा कुठं तुटला ते बघावं तशी.

"का?"

"लोकांना कळावं म्हणून."

"तू कुठली?"

"इथलीच. कोल्हापूरची."

"घरात आई काय म्हणती तुझी? जाते म्हणती का जातो?"

"... जातो."

"मग तिचंबी बदललंस व्हय?"

मी रडले. ती म्हणाली, "रडून काय हुतंय? बुकं कुठं हायत?"

तीनशे प्रती छापल्या होत्या. साठेक त्या दिवशी पाहुण्यांना, शाळांना, वाचनालयांना वाटून झाल्या होत्या. उरलेल्या मी अण्णांना सांगून रिक्षात घातल्या आणि कबनूरला नेल्या. मागवाल्यांचा आठवड्यातून एक दिवस लाइट बंदचा असायचा. त्या दिवशी मी जायचे. उसाचा हंगाम उतरून होळी येईपर्यंत जात राहिले. तिच्या एका खोलीत आम्ही दोघी पुस्तकं मांडून बसायचो. मी ओळ वाचायची, ती सांगायची, "अव्वा." मी आई खोडून वर अव्वा लिहायचे. "ही आई. असू दे." पुढची ओळ. हाय, न्हाय, गेलतो सगळं परत आणणं शक्य नव्हतं. "त्ये ऱ्हाऊ दे," ती म्हणाली होती, "माणसं तेवढी परत आण."

म्हातारी भिंतीला टेकून बसलेली असायची. मधेच बोट दाखवून विचारायची, "ही मी व्हय?" गौराक्का ओरडून सांगायची, "व्हय, ही तूच!" मग ती समाधानानं मान हलवायची. पाच मिनिटांनी परत विचारायची. मांडवातलं ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

त्याच पावसाळ्यात ती वारली. आम्ही दुरुस्त केलेलं पुस्तक गौराक्कानं तिच्या उशाशी ठेवलं होतं. बाहेर साठ प्रती फिरतच होत्या. त्यांत ती अजूनही पोरीला टाकून गेलेली बाई होती.

गौराक्कानं त्यानंतर लिहिलं नाही. मी भेटले, की विचारायचे. ती म्हणायची, "बघू." दोन हजार सालानंतर तिच्या शेडमधले माग भंगारात गेले, ती एका सायझिंगमध्ये झाडलोट करायला लागली. मी विचारत राहिले, ती बघू म्हणत राहिली. माझ्यामुळंच बंद झालं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आणि दर हिवाळ्यात मी वाचनालयं हुडकत हिंडले. दहा वर्षांत सोळा प्रती सापडल्या.

गेल्या हिवाळ्यात चंदगडला गेलते. बघा, 'गेलते' लिहून गेले. राहू दे. हेडमास्तरांचं नवं पुस्तक होतं, त्यांना आता कोल्हापूरला यायला जमत नाही म्हणून प्रुफं घेऊन मीच गेले. काम झाल्यावर सवयीनं वाचनालयात शिरले. खालच्या फळीवर, ओल लागून फुगलेलं, ते पुस्तक होतं.

मी बाकावर बसले. पहिलं पान उघडलं आणि थबकले. प्रत्येक आईच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक बारीक आकडा घातलेला. कुठं एक, कुठं दोन. पानामागून पान. मी ताडून बघत गेले. एक म्हणजे अव्वा, दोन म्हणजे आई. अव्वा हा शब्द त्या पुस्तकात कुठंही नव्हता. तरी कुणीतरी दोघींना वेगळं काढलं होतं.

ग्रंथपालांनी रजिस्टर बघितलं. "ही पार्वती असणार. काजूच्या कारखान्यात हाय. दुपारच्याला बायकांना वाचून दाखवती."

मी गौराक्काच्या लेकीच्या मोबाइलवर फोन लावला. गौराक्का बोलायला आली, तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "तिला हितं ये म्हणू नको. मीच येतो. उद्याची गाडी किती वाजता?"

मी रात्रीच परतले आणि दुसऱ्या दिवशी दोघी निघालो. गडहिंग्लजच्या पुढं गाडी वळणं घ्यायला लागली, तशी तिला मळमळायला लागलं, पण ती चंदगडला उतरली ती तरातरा चालत. काजूच्या शेडमध्ये दुपारची सुट्टी झालेली. दहाबारा बायका भिंतीच्या सावलीला डबे सोडून बसल्या होत्या. बोटं काजूच्या तेलानं काळी पडलेली. पार्वती तिशीची, किडकिडीत. कोण आलंय ते कळल्यावर ती उठूनच उभी राहिली. हात पदराला पुसले, तरी पुढं करेना.

"मावशी, मी तुमच्या पुस्तकावर लिवलं. चुकलं माझं. पन ह्या बाया वाचूच देत न्हवत्या. दर ओळीला, ही कुठली आई? गेलेली का ऱ्हायलेली? रोज भांडान. मग आकडे घातले."

मी वाचनालयातून मागून आणलेलं पुस्तक गौराक्कानं घेतलं. शांतपणे पानं उलटत गेली. "बरोबर हाय. हे बरोबर. हेबी बरोबर." एका पानावर थांबली. तिथं आकडा नव्हता, प्रश्नचिन्ह होतं. तापात पोर आई, आई म्हणून बरळते, तो प्रसंग.

"हितं न्हाय ठरलं," एक म्हातारी बाई डब्यावर झाकण ठेवत म्हणाली. "ही म्हणती गेलेली, मी म्हणतो ऱ्हायलेली."

कबनूरला या ओळीला गौराक्का न थांबता "अव्वा" म्हणाली होती. आता ती ओळीकडं बघत राहिली. "मलाबी ठावं न्हाय गं," ती म्हणाली. "मी तापात हुतो."

बायका हसल्या. तीही हसली, डोळे पुसत. भिंतीला टेकून त्यांच्यातच बसली, कुणीतरी तिच्यापुढं भाकरीचा तुकडा सरकवला. मग पार्वतीनं विचारलं, "मावशी, पुढं काय झालं? ती गेलेली परत गावली का न्हाय?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी दहा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. मी धरून चालले होते, की नाही.

"गावली," गौराक्का म्हणाली. "एकदाच. बत्तीस वर्सांचा हुतो मी. पत्ता काढत गेलतो. अंगणात बसून मिरच्या खुडत हुती. मी नाव सांगितलं, तर वर बघितलं न्हाय, नुस्ता पाट पुढं ढकलला. दोघी मिरच्या खुडत बसलो, सांज होईपर्यंत."

मी पिशवीतल्या प्रुफांमधला एक पाठकोरा कागद काढला आणि लिहायला लागले. कुणी बघितलं नाही. गौराक्का बोलत होती, बायका घास हातात धरून ऐकत होत्या. मी जसंच्या तसं उतरवत होते, मधे मधे मागं पडत होते.

"शेवटची गाडी हुती म्हणून उठलो. तवा तिनं माझा पदर धरला. म्हणाली, होगब्याड."

माझा हात थांबला. "म्हणजे काय, गौराक्का?"

"जाऊ नगो."

शेडमधली घंटा झाली. एकही बाई उठली नाही.

"आणि लिहायचं कसं ते? कानडीत ड का ढ?" मी विचारलं.

ती माझ्या कागदाकडं बघत होती. आपण बोललो ते कुणीतरी उतरवून घेतंय, हे तिला तेव्हाच दिसलं.

"जसं ऐकू आलं, तसं लिव की," ती म्हणाली, आणि पुढं सांगायला लागली.